एक मोती, पाच मास्तर

आमच्या वाशीमकडे कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे ठरलेलं आहे. बैलाशी वऱ्हाडी, मांजरीशी बोबडं, तहसीलमधल्या साहेबाशी शुद्ध मराठी आणि कुत्र्याशी इंग्रजी. ज्या घरातलं पोरगं इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी हमखास पोट धरून झोपतं, त्या घरातही कुत्र्याला 'सिट', 'कम', 'नो' असंच सांगितलं जातं. आमचा मोतीही याला अपवाद नाही. जन्म सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगाआड, आई नाक्यावरच्या चहाच्या टपरीची कायमची गिऱ्हाईक, वडिलांबद्दल नाक्यावर एकवाक्यता नाही. पण शिक्षण मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजी माध्यमातून.

हे माध्यम दादानं ठरवलं. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, लाल पट्टा आणला, बिस्किटाचा पुडा खिशात टाकला आणि अंगणात वर्ग भरवला. व्हिडिओतली बाई सांगते ते तसं सोपं आहे. कुत्रं बसलं रे बसलं की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. जरा उशीर झाला, तर मधल्या वेळात ते उठून कान खाजवतं आणि तुकडा कान खाजवल्याबद्दल मिळाला अशी त्याची समजूत होते. मोती हुशार निघाला. थोड्याच दिवसांत 'सिट' म्हटलं की बसू लागला. दादानं शेजारपाजाऱ्यांना बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग घरातले बाकीचे मास्तर वर्गावर आले.

बंटी, म्हणजे माझा पुतण्या, शाळेतल्या मॅडमच्या सुरात 'सिट डाऊन!' म्हणतो. वहिनी 'बस रे बाळा' म्हणते. माय 'हड' म्हणते. बस, ऊठ, बाहेर जा, गप राहा, या सगळ्याला तिच्या हिशेबी एक 'हड' पुरतो. आबा काहीच म्हणत नाहीत. ते जेवायला बसतात, आणि त्यांच्या ताटातून भाकरीचा तुकडा खाली पडतो.

"आबा, ताटातलं नका देऊ ना त्याले. मागाची सवय लागते," दादा एकदा म्हणाला.

"मी कोठी देतो? पडते तो," आबा म्हणाले.

पडतो खरा. पण रोज पडत नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे. अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी उंदरांना आणि कबुतरांना पेटीत ठेवून वर्षानुवर्षं प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल आणि एक दिवस तो बंद झाला, तर प्राणी थोडा वेळ प्रयत्न करून नाद सोडतो. पण दाणा कधी मिळाला, कधी नाही, कधी पाठोपाठ दोनदा आला, असं चाललं असेल तर दाणा पार बंद झाल्यावरही प्राणी कितीतरी वेळ कळ दाबतच राहतो. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस दर आठवड्याला हरून पुन्हा टपरीवर जातो, तसंच हे. आबांनी स्किनर वाचलेला नाही, पण त्यांचा हात अगदी त्याच्याच हिशेबानं चालतो. परिणामी आबा नुसते पाटावर टेकले तरी मोती त्यांच्या डाव्या गुडघ्याशी येऊन बसतो, आणि जेवण संपून आबांनी हात धुतले तरी उठत नाही. इतकी पक्की 'सिट' दादाला बिस्किटाच्या अख्ख्या पुड्यात साधली नाही.

बाजेचंही तसंच. ओसरीवरच्या बाजेवर मोतीनं चढायचं नाही, असा घरात ठराव आहे. दुपारी आबा आडवे झाले की मोती त्यांच्या पायथ्याशी मुटकुळं करून झोपतो आणि आबांना ते दिसत नाही. माय फडा घेऊन आली की तो उडी मारून खाली. दादा आला तर एक डोळा उघडून अंदाज घेतो. वहिनी आली तर शेपटीनं बाज झोडपतो, पण उतरत नाही. दादा म्हणतो, याला कळतच नाही. मला वाटतं, याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. बाजेवर चढू नये हे तो शिकलेला नाही, कारण ते त्याला कुणी शिकवलंच नाही. माय समोर असताना बाजेवर असू नये, एवढं त्याला शिकवलं गेलं आणि तो धडा त्यानं चोख पाठ केला. पहिल्या नंबरानं पास झालेल्या विद्यार्थ्याला आपण नापास ठरवतो, कारण प्रश्नपत्रिका पाच जणांनी काढली हे आपल्या लक्षात येत नाही.

खरी मौज अशी, की हेच आबा एके काळी गावात गोऱ्हे कामाला लावण्यात पटाईत समजले जायचे. अजूनही जुने लोक त्यांचं नाव काढतात. गोऱ्हा अडीच-तीन वर्षांचा झाला की आधी त्याला नुसतं हाताळायचं. अंगावरून, कानामागून, खांद्यावरून हात फिरवत राहायचं. वेसणीची सवय झाली की कधीतरी संध्याकाळी मोकळं जू खांद्यावर ठेवून दोन-चार पावलं चालवायचं आणि काढून घ्यायचं. मग नांगरलेल्या वावरात हलका ओंडका ओढायला लावायचा. भुसभुशीत ढेकळांत त्याला पळता येत नाही, आणि पळालाच तरी लवकर दमतो. जोडीला नेहमी जाणता बैल. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण आपण बिघडलेल्या पोरांसाठी राखून ठेवली आहे. शेतकरी तिचा उपयोग चांगल्या कामासाठी करत आला. नवखा गोऱ्हा बावरला की शेजारचा म्हातारा बैल शांतपणे पाऊल टाकतो आणि जूच त्याला सांगतं की चाल.

यात एक बारकावा असायचा. जो गोऱ्हा उजव्या अंगाला शिकला तो उजव्याच अंगाला जुंपायचा. डावीकडे जुंपला तर जन्माचा शहाणा बैलही त्या दिवसापुरता अडाणी होतो, बावचळतो, जोडीदाराला ढुशा देतो. आणि मुख्य नियम असा, की गोऱ्हा शिकत असेतो त्याच्या कासऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. शब्द एकाचा, आवाज एकाचा, वेळही ठरलेली. एकदा काकानं हौसेनं कासरा हातात घेतला, तर आबा चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

जुन्या काळाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला खिळा असायचा आणि तो बैलाच्या पुठ्ठ्यात टोचला जायचा. भीतीनं जनावर हलतं, शिकत नाही. हलण्याला शिकणं समजणारे लोक तेव्हाही होते आणि आजही पट्ट्याला हिसके देत फिरताना दिसतात. मारून वळवलेल्या बैलाची किंमत बाजारात कळायची. घेणारा आधी दात बघायचा, मग भोवरे, आणि मग हळूच विचारायचा, मारका आहे का, बसका आहे का. बसका, म्हणजे भर कामात वावरातच बसकण मारणारा. विकणारा शपथा घ्यायचा. बैल गप्प उभा, पण कुणी काठी उचलली की त्याचं आख्खं चरित्र त्याच्या डोळ्यांत वाचता यायचं.

मग मोतीच्या बाबतीत आबांची शिस्त कुठे गेली? मी विचारलंच. आबा म्हणाले, "बैलाले काम हाये. याले का वखराले जुंपायचं हाये?" हे उत्तर वाटतं तितकं उडवाउडवीचं नाही. बैलाला वळण लावणं ही दोघांच्याही पोटाची गरज होती. मोतीनं बसावं, उठावं, हात द्यावा, याची गरज मोतीला नाही, आबांनाही नाही. ती दादाला आहे, पाहुणे आल्यावर. आता शिवारात ट्रॅक्टर फिरतो, गोठ्यात मोटारसायकल उभी असते, आणि ज्या हातांना जनावर वळवायची विद्या येत होती ते हात भाकरीचे तुकडे पाडत बसले आहेत.

जनावर माणसाला किती बारकाईनं वाचतं, हे पाहायचं तर नंदीबैल पाहावा. लहानपणी ढोलाचं गुबूगुबू ऐकू आलं की आम्ही रस्त्यावर धावायचो. झूल पांघरलेला, शिंगांना गोंडे लावलेला नंदी दारात उभा राहायचा. औंदा पाऊस पडेल का? नंदी मान हलवायचा. बंटीच्या वयाच्या पोरांचा प्रश्न ठरलेला, मी पास होईन का? नंदी त्यालाही होच म्हणायचा. मालकाच्या आवाजाचा चढउतार, ढोलावरचं घासणं, दोरीची किंचित हालचाल यांवर ती मान हलते, हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. तरी पायलीभर धान्य सुपात पडायचंच. फसवणूक म्हणून कुणी ओरडत नसे. एवढ्या मोठ्या जनावराला एवढ्याशा खुणेवर मान हलवायला लावणं, यालाच लोक दाद द्यायचे.

जर्मनीत मात्र यावरून मोठा घोळ झाला होता. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणित शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तो खूर आपटून उत्तर द्यायचा. 1904 साली विद्वानांची समिती बसली आणि तिनं सांगितलं, यात काही लबाडी नाही. पुढे ऑस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं नेटानं तपास केला, तेव्हा 1907 मध्ये उलगडा झाला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स नापास. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत इवलीशी वर व्हायची, आणि घोडा तिथंच थांबायचा. गणित माणूसच करत होता; घोडा फक्त माणूस वाचत होता. ओस्टेन मास्तरांना आपण खूण करतो याचा पत्ताच नव्हता. नंदीबैलवाल्याला तो असतो. माझ्या मते आमचा नंदीबैलवाला त्या मास्तरांपेक्षा फार पुढचा माणूस.

आणि हे वाचन फक्त शिकवलेल्याच जनावराला येतं असंही नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या, कुणीही न पाळलेल्या कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवून एकाकडे नुसतं बोट दाखवलं. जी कुत्री जवळ आली त्यांतली बहुतेक बोटाच्या दिशेनंच गेली. त्यांना कुणी 'सिट' शिकवलं नव्हतं. माणसाच्या हाताकडे पाहत जगणं, हा त्यांचा पिढीजात धंदाच आहे. मोतीला दादाच्या हातातली किल्ली शेताची की दुकानाची, हे गाडी सुरू व्हायच्या आत कळतं ते उगीच नाही.

आपण मात्र त्यांना वाचायला गेलो की भलतंच वाचतो. मागे वहिनीची नवी चप्पल ओसरीवर कुरतडलेली सापडली. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "कोन केलं हे?" मोतीनं कान पाडले, मान खाली घातली, शेपूट पायांत घेतली, डोळ्यांचं पांढरं दाखवत भिंतीला चिकटला. "पाहा, चोराच्या मनात चांदणं," वहिनी म्हणाली. न्यूयॉर्कमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी 2009 मध्ये नेमक्या याच चेहऱ्यावर प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ नको असं सांगून मालक खोलीबाहेर जायचा. कधी कुत्रं खरंच खायचं, कधी नाही. आणि मालकाला मात्र कधी खरं, कधी खोटं सांगितलं जायचं. निघालं असं, की अपराधी चेहऱ्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, रागावण्याशी होता. काहीही न खाता बोलणी बसलेली कुत्री तर जास्तच अपराधी दिसली. म्हणजे मोतीचा तो चेहरा कबुलीजबाब नव्हता. वहिनी, तू रागावली आहेस हे मला दिसतंय, एवढंच तो सांगत होता. त्या दिवशी चप्पल कुणी कुरतडली? शेजारच्यांच्या पिल्लावर माझा दाट संशय आहे, पण ते प्रकरण निकाली निघालेलं असल्यामुळे पुन्हा उघडत नाही.

या चुकीच्या वाचनाची सर्वांत वाईट गोष्ट बंजारा तांड्यांत सांगितली जाते. आमच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी, आणि तांडा म्हटला की राखणीला कुत्रं आलंच. गोष्ट अशी. अडचणीत सापडलेल्या एका बंजाऱ्यानं सावकाराकडे आपलं कुत्रं गहाण ठेवलं. सावकाराकडे चोरी झाली, आणि चोरांनी माल पुरला ती जागा कुत्र्यानं दाखवून दिली. सावकार इतका खूश झाला की त्यानं कर्ज माफ केल्याची चिठ्ठी लिहिली, कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळं केलं. कुत्रं धावत मालकाकडे निघालं. मालकानं लांबूनच पाहिलं, हे शब्द मोडून पळून आलं असं ठरवलं आणि रागाच्या भरात काठी घातली. चिठ्ठी नंतर वाचली. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचं देऊळ आहे, तिथंही हीच गोष्ट सांगतात. ती तिथंच घडली की आणखी कुठे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी कुत्रं आहे त्याच्याकडे ती थोडी थोडी घडतच असते.

मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा मोती रांजणाखालची ओली माती उकरून खड्डा करतो. माय म्हणते, उपद्व्यापी. अहो, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या नाहीतर गार माती पोटाला लावायची, एवढेच उपाय त्याच्याजवळ आहेत. दिवाळीत फटाके सुरू झाले की तो न्हाणीत शिरतो. बंटी म्हणतो, भित्रा.

बंटीला मी एका गोष्टीवरून मात्र बजावलं आहे. मोती जेवत असताना त्याच्या गळ्यात पडायचं नाही. कुत्रं चावण्याआधी पुष्कळदा सांगतं: मान फिरवतं, झोप नसताना जांभई देतं, जीभ ओठांवरून फिरवतं, अंग ताठ करतं, आणि सगळ्यात शेवटी गुरगुरतं. गुरगुरलं म्हणून त्याला मारलं, तर ते एवढंच शिकतं की गुरगुरायचं नाही. पुढच्या वेळी सरळ चावतं. आणि मग आपण म्हणतो, अचानक चावलं हो, कालपर्यंत किती गरीब होतं.

मग करायचं काय? उत्तर आमच्याच देवघरात आहे. नृसिंहसरस्वतींचं जन्मगाव कारंजा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे घरोघरी दत्ताची तसबीर असतेच. ती एकदा या दृष्टीनं पाहा. चार कुत्री पायांशी बसली आहेत. पट्टा नाही, साखळी नाही, एकही गुरगुरत नाही, शेजारी गाय उभी असून तिच्यावर कुणी भुंकत नाही. ती कुत्री म्हणजे चार वेद, हा शास्त्रार्थ मला मान्यच आहे. पण शिरं तीन असून चार कुत्र्यांचा गोंधळ होत नाही, त्याचं घरगुती कारणही मला दिसतं. शिरं तीन असली तरी मत एक आहे.

पोलिसांच्या श्वानपथकातही हेच सूत्र चालतं. कुत्र्याचा हँडलर ठरलेला, शब्द ठरलेला, बक्षीस कशाला मिळणार हेही ठरलेलं. पुण्याला शिकून मुंबई पोलिसांच्या सेवेत गेलेल्या जंजीर या लॅब्रॅडॉरनं 1993 च्या स्फोटांच्या काळात 3,000 किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढलं. नाक त्याचं जबरदस्त असणारच. पण त्याला एक जण 'शोध' आणि दुसरा 'असू दे बिचाऱ्याला' म्हणत असता, तर मुंबईचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

तेव्हा पिल्लू आणायचं मनात असेल, तर पट्टा आणि वाटी घेण्याआधी घरात बैठक बोलवा. बसायला कोणता शब्द, बाजेवर परवानगी आहे की नाही, ताटातलं द्यायचं की नाही, हे ठरवा. परवानगी द्यायची तर सगळ्यांनी द्या, नाही तर कुणीच देऊ नका. दोन्ही कुत्र्याला चालतं, अधलंमधलं चालत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत आधी घ्या, कारण ते ठरावाला हो म्हणतात आणि तुकडा पाडतात. आमच्याकडची बैठक अजून चालू आहे, मोती तोवर पाच अभ्यासक्रम एकदम करतो आहे आणि पाचांतही पास होतो आहे. एक गोष्ट मात्र बैठकीपुढे ठेवू नका: पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकाकडे नेऊन रेबीजची लस टोचून घ्या, आणि मग दर वर्षी. त्यावर घरात कुणाचं मत विचारायची गरज नाही.